अकरावी चिठ्ठी

सौंसर,
दि. २० नोव्हेंबर १९८५

ती. स्व. भाऊस,
इंदूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

यांचा पाय अजून प्लास्टरात आहे. खाटेवरून सगळ्यांना हुकूम सोडून राहिले, म्हणजे तब्येत बरी समज. बाग मात्र बरी नाही. संत्री पिकून पिवळी झाली आणि अर्धी बाग गळून राहिली. फळ न्यायला संस्थेचा ट्रक आमच्याकडे यंदाही अकराव्या नंबरावर येणार, सगळ्यांच्या शेवटी. सलग तीन वर्षं माझीच चिठ्ठी शेवटी निघते, नशीबच तसं दिसतं. तू संस्थेचा सेक्रेटरी आहेस. कोणाशी बोलून चार-पाच नंबर अलीकडे घेता आलं तर पाहा. पहिल्यांदाच मागून राहिली.

जेवण वेळेवर करत जा. पुस्तकानं पोट भरत नाही.

तुझी धाकटी,
इंदू


पांढुर्णा,
दि. २४ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. केशवरावांना म्हणावं, हुकूम कमी आणि दूध जास्त. ‘अर्धी बाग’ हे काही माप नाही. झाडं मोजून लिहीत जा.

नंबर बदलणार नाही. मी चौथी शिकलेला माणूस. समता हा शब्द मला कोणी वर्गात शिकवला नाही, वाचनालयाच्या बाकावर बसून स्वतः समजून घेतला. मोठ्या बागवाल्याचा माल आधी आणि तीन एकरवाल्याचा मागून, ही रीत मोडायलाच आपण संस्था काढली. म्हणून गाडग्यात चिठ्ठ्या टाकतो.

आता सांगतो, तुला अभिमान वाटेल. तुझी चिठ्ठी मी गाडग्यात टाकतच नाही. दहा चिठ्ठ्या निघतात, अकरावा नंबर आपोआप तुझा. सेक्रेटरीची बहीण शेवटी, हा नियम मी स्वतःवर घालून घेतला. कोणी बोट दाखवायला नको. याच कारणानं हंगामात तुझ्या दारी येत नाही. खोलीवर एकट्यापुरती भाकर थापतो आणि इटारसीकडच्या आगगाड्या ऐकत पडतो. तत्त्वानं राहायचं तर एवढं सोसावं लागतं.

तुझ्या भल्याचाच विचार करणारा,
गुणवंता


सौंसर,
दि. १९ डिसेंबर १९८५

भाऊस नमस्कार.

ट्रक काल आला. मोजून लिही म्हणालास, म्हणून मोजली. झाडं एकशे चाळीस. विकण्याजोगं फळ एकतीस झाडांवर. हे कुबडी घेऊन बांधापर्यंत आले, पाहिलं आणि माघारी गेले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

फळ गेलं, ते सोसेन. पण तीन वर्षं मी ज्याला नशीब म्हणत होती ते तू होतास. बाग माझ्या नावची, सभासद मी. तिगावच्या उत्तमरावांची चिठ्ठी पडते, माझी पडत नाही. कशासाठी, तर तुला कोणी नाव ठेवू नये. नियम स्वतःवर घातला म्हणून लिहितोस. स्वतःवर कुठं घातला, भाऊ? तुझं एक तरी फळ सडलं का?

नंबर अलीकडे मागितला, ती माझी चूक. पण गाडग्यात माझी चिठ्ठी असावी, यात मी काही जास्तीचं मागत नाही.

आता पत्र नको.

इंदू


पांढुर्णा,
दि. १० नोव्हेंबर १९८६

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

वर्षभरात तीन कार्डं टाकली, उत्तर नाही. भाऊबीजेला सौंसरच्या एस.टी.त बसलो होतो. सुटायच्या आधी उतरलो.

काल रविवारी सभा झाली. चिठ्ठ्या टाकण्याआधी उभा राहून सगळं सांगितलं. खरं लिहितो, मनात होतं की कोणीतरी म्हणेल, काय प्रामाणिक माणूस आहे. उत्तमरावांनी विचारलं, सभासदाला मागं ठेवायचा ठराव वहीत कोणत्या पानावर आहे. वही माझ्याच अक्षरातली. तीनदा उलटली. ठराव नव्हता. मग ते म्हणाले, इमानदारी तुमची आणि सडली बहिणीची संत्री, हा कोणता समाजवाद काढला गुणवंतराव. सगळे हसले. मीही हसायला पाहिजे होतं, जमलं नाही.

यंदा अकरा चिठ्ठ्या पडल्या. गाडग्याला मी हात लावला नाही. तुझा नंबर दुसरा. ट्रक शुक्रवारी, २१ तारखेला येईल. उत्तमरावांचा अकरावा. त्यांची विहीर आटली, फळ आतापासूनच गळून राहिलं, पण तक्रार न करता चिठ्ठी खिशात घालून गेले.

एवढीशी खोली, पण हल्ली फार मोठी वाटते. राग गेला असेल तर एक ओळ लिही.

वाट पाहणारा,
गुणवंता


सौंसर,
दि. १४ नोव्हेंबर १९८६

ती. स्व. भाऊस,
इंदूचा शि. सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. दुसरा नंबर मी उत्तमरावांना दिला, त्यांचा अकरावा मी घेतला. तिगावला निरोप गेला आहे. यंदा आमच्या विहिरीला पाणी आहे, फळ महिनाभर दम धरेल. हे म्हणाले, इतक्या वर्षांनी नंबर आला आणि तो सोडून राहिली, डोकं ठिकाणावर आहे का. मी म्हटलं, मागच्या वर्षी कोणी मागायला आलं असतं तर मी काय देणार होती? द्यायला आधी आपलं काही असावं लागतं.

वहीत उपकार म्हणून लिहू नकोस. सभासद इंदूबाईंनी आपला नंबर बदलून दिला, एवढंच लिही.

राग पुरता गेला नाही. जाईल तेव्हा कळवीन. लोभ आहे तिथंच आहे.

इंदू