बासवाल्याच्या पाळीत कोण बोललं

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा नमस्कार, पोस्टातून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून. गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? माझी तब्येत उत्तम आहे, फक्त जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि कुणी हाक मारली की मी दाराआड जातो.

इथे रेकॉर्डिंग स्टुडिओत काम लागलं. (तुम्ही क्लॅरिनेट वाजवता हे ऐकून साहेब मलाही त्यातलं कळतं असं धरून चालले. मीही मान डोलावली.) सध्या सात जणांचा जाझ बँड आलाय. जुन्या ढंगाची मंडळी, सगळ्यांनी एकाच माईकपुढे वाजवायचं हा हट्ट. या वेळी बँडमास्तरांनी ठरवलं की एकेका गाण्यात एकेकाला एकट्याने वाजवायची पाळी द्यायची. पाळीवाल्याने पुढे यायचं, बाकीच्यांनी मागे सरकायचं. कोण कुठे उभा राहणार याच्या खडूच्या खुणा साहेबांनी फरशीवर मोजून काढल्या होत्या. त्या मी पुसल्या. म्हणजे पुसली फरशी, त्यात त्या गेल्या. मग अंदाजाने नव्या काढल्या.

पाळी होती बासवाल्या काकांची. बास नावाचं माणसाएवढं तारांचं वाद्य धरून हा माणूस वीस वर्षं सगळ्यांच्या मागे उभा. घरी काकू विचारतात, "तुम्ही नक्की वाजवता ना, की नुसते ते धरून उभे असता?" म्हणून त्यांना आणि दोन्ही मुलींना हे ऐकवायला आणणार आहेत. (मला घरी जेवायला नेलं होतं, आग्रह करकरून वाढलं. तेच जास्त मनाला लागतं.)

वाजवून झालं. साहेबांची दाढ ठणकत होती, "छान, छान" म्हणत ते दवाखान्यात पळाले. मी सहज हेडफोन लावला, तर बास कुठेतरी विहिरीच्या तळाशी आणि कानाशी बँडमधला बँजोवाला: "एक, दोन, तीन, थांब. आता खालच्या सुरावर ये. अरे खाली! हां, शाबास." पहिल्यापासून शेवटपर्यंत! त्याची खूण मी माईकच्या नाकाखाली काढली होती आणि काकांची चार पावलं लांब. आता नोकरी जाणार, आणि काकांना तोंड कसं दाखवू?

आपला,
घाबरलेला भाचा

ता. क. पत्राचं खरं काम हे. साहेबांसाठी चिठ्ठी लिहून ठेवलीय की आमच्या जाणकार मामांच्या मते जुन्या काळी असंच रेकॉर्ड करत. त्यांनी तुम्हाला विचारलं तर हो म्हणा.

आणखी ता. क. चिठ्ठी फाडली. पाकीट चिकटवणार तेवढ्यात काका आले, मला राहवलं नाही, ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, उठून दार लावलं आणि हळूच म्हणाले, "तुझी चूक जागेची रे. मोजतो मात्र तो रोजच. वीस वर्षं तो मोजतो, मी वाजवतो." साहेबांनाही फोन करून खुणांचं सांगून टाकलं. दाढ सुजल्यामुळे त्यांना धड ओरडता आलं नाही, गुरुवारी परत घेऊ म्हणाले. तेव्हा मामा, काकांनी आपलं आपण, मनातल्या मनात कसं मोजायचं ते ताबडतोब लिहा. अगदी मठ्ठ माणसाला सांगतात तसं लिहा, काकांना राग येणार नाही. (ते शेजारीच बसून हे वाचतायत.)

शेवटचं ता. क. तुम्हालाही शेजारचाच कुणी मोजून देत असेल तर मोकळेपणाने कळवा. मामीला सांगणार नाही.