पत्र लिहिणारीचा नमस्कार

मंठा,
कार्तिक वद्य अष्टमी, फसली १३४८

प्रिय धर्मराज,

हा मायना वाचून पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासू नका. पत्र तुमचंच आहे आणि अक्षरही तुमच्या ओळखीचंच. फरक एवढाच की गेली तीन वर्षं याच अक्षरात 'चिरंजीव धर्मराज यास अनेक आशीर्वाद' असं येत होतं. तुमच्याहून चार वर्षांनी लहान असून मी तुम्हाला इतके आशीर्वाद दिले आहेत की म्हातारपणापर्यंत पुरावेत. आत्या सांगायची, मी लिहायची. आज आत्या शेजारी नाही. मुद्दाम उठून झुंबरबाईच्या ओट्यावर जाऊन बसली आहे. का, ते शेवटी लिहिते. घरी सगळं बरं आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. तेव्हा काळजी न करता, सावकाश वाचा.

तुमच्या आईला मी आत्या का म्हणते, हे तुम्हाला सांगायला नको. तिचं माहेर आणि माझ्या बाबांचं गाव एकच, म्हणून बाबा, गावाचे भुजंगराव मास्तर, तिचे गावकीतले भाऊ. त्या नात्यानं तुमचं पहिलं पत्र वाचायला तिनं मला हाक मारली, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तुमचं पत्र आलं की ती आधी स्वतः पाकीट फोडते, कागदावरून बोट फिरवते, आणि मग माझ्या हातात देते. मीही वाचायच्या आधी थोडं बघून घेते. तुम्ही दमलेले असलात की ओळी उजवीकडे उतरत जातात. खुशीत असलात की वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. परवाच्या आषाढात तुम्ही 'माझी प्रकृती उत्तम' असं लिहिलं होतं, पण मात्रा सगळ्या थरथरलेल्या होत्या. मी आत्याला सांगितलं, यांना ताप आहे. तिनं जालन्याला तुमच्या रामकिसनकाकांना निरोप धाडला आणि काकांनी तुम्हाला कापसाच्या जिनिंगच्या खोलीतून उचलून आपल्या घरी नेलं. तुम्ही नंतर विचारलं होतं, गावाला कळलं कसं? आत्यानं उत्तर सांगितलं, 'आईला कळतं.' मी ते तसंच लिहिलं.

आता तुमच्या मागच्या पत्राविषयी. ते आलं तेव्हा आम्ही इथे नव्हतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या गोदास्नानाला मी, आई आणि बाबा शहागडला मावशीकडे गेलो होतो. आत्यानं रिवाजाप्रमाणे पाकीट फोडलं आणि आत बघते तर हाताचं अक्षर नाहीच. सगळी छापील अक्षरं, एका मापाची, कवायतीला उभी केल्यासारखी. आणि शेवटी एक ओळ लालभडक. आता आत्याच्या घरात आजवर छापील म्हणून जे काही आलं, ते देवळीत जपून ठेवलेलं आहे, आणि त्या तिन्ही लग्नपत्रिका आहेत. तिचा हिशोब साधा. 'हातानं लिव्हलं तर पत्र, छापून आलं तर पत्रिका. त्यात लाल. आणखी काय पाह्यजे?' रामकिसनकाका दिवाळीनंतर मुलगी बघतो म्हणून सांगून गेले होतेच. 'भाऊजीनं पाह्यली असंल. मला इचारलं न्हाई, पर जालन्यात सगळंच जल्दी होतंय. पोरगं सुखात असलं की झालं.' डोळे पुसले, पत्रिका देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि दाराला कडी घालून झुंबरबाईला सांगायला गेली. झुंबरबाईला सांगितल्यावर दवंडीची गरज राहत नाही.

पटवाऱ्याकडून वाचून घ्या, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं, 'धर्माचं पत्र म्या दुर्गीच्याच तोंडून ऐकते.' पण दुर्गी येईपर्यंत थांबायला ती तयार नव्हती. पाच जणी बोलावून हळद दळायला घेतली. मच्छिंद्र वाजंत्र्याला सुपारी दिली. त्यानं तारीख विचारली तर म्हणाली, 'तारीख पत्रिकेत हाय, दुर्गी आली की सांगते, तू आपला तयारीत राह्य.'

आमची गाडी आज सकाळी वेशीत शिरली तशी झुंबरबाई पुढे आली. 'दुर्गे, सुटलीस बाई! धर्माची पत्रिका आली. आता वाचणारी, लिव्हणारी त्यांच्या घरातच येऊन राह्यली.' मी 'बरं झालं' म्हणाले. घरापाशी उतरताना गोदेच्या पाण्याचा गडू माझ्या हातातून सुटला आणि सगळं तीर्थ अंगणात गेलं. मी म्हटलं, बैल हलले. आई म्हणाली, 'बैल तर बाबांनी केव्हाच सोडले.' मी पाय धुतले, लुगडं बदललं, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं आणि मग आत्याकडे गेले.

आत्यानं देवापुढचा कागद माझ्या हातात दिला. 'वाच. पोरीचं नाव काय, गाव कोणतं, आन मुहूर्त कवाचा?' कागदावर तुम्ही कुठेच नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदा मला कळेना की तुम्ही दमलात की हसताय. यंत्राला ताप येत नाही. मग मी वाचायला लागले. 'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. सुगनचंद शेटजींनी मुंबईहून मराठी टाइपरायटर आणला आहे...' आत्या म्हणाली, 'टाइपरायटर कोणाचं नाव? मुलीच्या बापाचं?' बाबा दारात उभे होते, ते हसू दाबायला बाहेर गेले.

पुढे मी वाचत गेले आणि आत्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बोट ठेवलं की अक्षर उमटतं. रतनलाल मुनीमजी यंत्राकडे पाठ करून बसतात आणि बोरूला मुद्दाम मोठ्यानं टोक काढतात. आधी तुम्हाला एका ओळीला पाव तास लागायचा, आता शेटजी बोलतील तितक्या वेळात पत्र होतं. यंत्रातला एकटा 'र' बिघडलेला आहे, दरवेळी ओळीच्या वर उडी मारतो. (बाबांनी नंतर ते पाहिलं आणि म्हणाले, 'या पोराला छडी पाहिजे.') फीत दुरंगी आहे, लाल अक्षर हवं तर बाजूची कळ दाबून धरावी लागते, पण शेटजींची सक्त ताकीद आहे की लाल फक्त तातडीच्या मजकुराला. आणि मग तेही होतं. अमावास्या सरली की काका अंबडला मुलगी बघायला जाणार. 'मी अजून काहीच बोललो नाही.' एवढंच.

आत्या म्हणाली, 'म्हंजी लगीन न्हाई ठरलं?' मी म्हटलं, अजून नाही. तिनं हळदीच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'मंग ती लाल ओळ काय हाय?'

धर्मराज, ती ओळ मी आजवर कधी मोठ्यानं वाचलेली नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता, मी मनात वाचते आणि कागद घडी करते. आणि माझी ओळ, 'पत्र लिहिणारीचा नमस्कार', पत्राच्या शेवटी लिहिणाऱ्यानं लिहावी अशी रीत असलेली, तीही मी आत्याला कधी वाचून दाखवली नाही. पण आज तिला सगळ्या कागदात तीच एक ओळ दिसत होती. मी म्हटलं, विशेष नाही. ती म्हणाली, 'तातडीचं हाय म्हणून तूच वाचलंस ना आत्ता?' तेव्हा वाचली. 'पत्र वाचणारीस नमस्कार.' दोन 'र' होते, दोन्ही उड्या मारत होते.

आत्यानं कागद हातात घेऊन लाल ओळीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, 'दरवेळी लिवतो?' मी मान हलवली. 'आन तू?' मी पुन्हा मान हलवली. मग ती अशी हसली की गोठ्यातली कालवड उठून उभी राहिली. 'म्हंजी पत्रिकाच हाय की! मंग म्या गावाला काय खोटं सांगितलं?'

त्याच पावली ती बाबांकडे गेली. बाबा तुम्हाला लहानपणापासून ओळखतात, पण मास्तर ते मास्तर. म्हणाले, 'साळूबाई, नमस्कार मला शाळेत रोज शंभर मिळतात. मुलाच्या तोंडचा शब्द आल्याशिवाय मी सुपारी फोडणार नाही.' मग आत्यानं मला कागद घेऊन बसवलं आणि सांगायला लागली, 'लिही. पोरगी म्या पाह्यली. मास्तरची दुर्गी. अक्षर चांगलं हाय, सैपाक शिकंल.' मी लेखणी खाली ठेवली. म्हटलं, आत्या, माझं स्थळ मीच कसं लिहू? ती म्हणाली, 'तीन वर्षं नमस्कार लिव्हताना लाज वाटली न्हाई, आन आता काहून वाटून राह्यली? म्या उठते. तुझं तू लिही.' आणि गेली झुंबरबाईच्या ओट्यावर. इथून तिचा आवाज ऐकू येतो आहे. मुहूर्त सांगते आहे.

तेव्हा हे पत्र त्यासाठी. आत्याचं म्हणणं वर लिहिलं आहे, आणि माझंही तेच आहे. उद्या पहाटे बद्रीनाथच्या कापसाच्या गाड्या तुमच्याच जिनिंगला निघताहेत, त्यांच्याबरोबर हे धाडते, म्हणजे अमावास्येच्या आत मिळेल. काका अंबडला जायच्या आधी त्यांच्याशी एकदा बोला. तुम्ही न बोलण्यात पटाईत आहात, म्हणून आठवण करून दिली. यंत्राचा राग मी सोडला. त्यानं तुमचा थकवा लपवला, पण जे तुम्ही तीन वर्षं काळ्या शाईत लपवलंत, ते त्यानं गावभर केलं. उत्तर त्याच्यावरच लिहा. नाही म्हणायचं असेल तर काळ्या अक्षरात लिहा, मी ते आत्याला नीट वाचून दाखवीन आणि मच्छिंद्रची सुपारी परत आणीन. पण हो असेल, तर ती कळ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत दाबून धरा. शेटजी रागावले तर सांगा, तातडीचं होतं.

तुमचीच,
पत्र वाचणारी आणि लिहिणारी
दुर्गा