बूटविजारीचं फिरतं भोक

मंगळवार, १४ ऑक्टोबर
दुकानातून

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. आईचा गुडघा जैसे थे, माझा कॉम्प्रेसर एकदाचा दुरुस्त झाला, तुझ्या वहिनीने पुढच्या खोलीला रंग काढायचं पुन्हा मनावर घेतलंय. तू मजेत असशीलच. परवा फोनवर ज्या आवाजात ओरडलास, त्यावरून तब्येत ठणठणीत दिसते.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून.

तर बाबांची मासेमारीची बूटविजार. तुमच्या दुकानात तिला वेडर्स म्हणतात आणि तू ती रोज काउंटरवर विकतोस, तेव्हा तिच्यातलं तुलाच जास्त कळतं हे मान्य. खाली बूट, वर छातीपर्यंत एकसंध कापड, खांद्याला पट्टे, पाण्यात उभं राहिलं तरी आत थेंब येणार नाही, दहा वर्षं बघायला नको. पहिली गळली म्हणून तू मालकाशी भांडून दुसरी पाठवलीस. दुसरीही गळते म्हटल्यावर गुन्हेगार मी. मी ती उन्हात वाळवली असणार, चोळामोळा करून ठेवली असणार. अरे, मी ती पाय वर करून सावलीत टांगतो. तुझ्या वहिनीच्या चांगल्या कपड्यांना या घरात एवढा मान नाही.

तिकडून तू आणि इकडून बाबा. नदीवर गळ टाकून बसणाऱ्या सगळ्यांना ते सांगत सुटलेत, ‘पोरगा पंक्चरवाला, पण बापाच्या विजारीचं पाणी थांबवता येईना!’ मी म्हटलं, बाबा, भोकच सापडत नाही. तर म्हणाले, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ परवा एका ट्रकवाल्याने टायर उतरवता उतरवता विचारलं, ‘ठिगळ बसेल ना नक्की? नाही, नदीवर काहीतरी ऐकलं म्हणून म्हटलं.’ अर्धं आयुष्य या सोल्यूशनच्या वासात काढलं, ते हे ऐकायला!

आणि ते भोक तरी कसं? आधी म्हणाले डाव्या गुडघ्याला. लावलं ठिगळ. मग उजव्या मांडीला. लावलं. मग मधल्या शिवणीला. भोक काय सकाळ-संध्याकाळ फिरायला जातं? शेवटी मी विजार वरून करकचून बांधली, हवा भरली आणि ट्यूब बुडवतो तशी टाकीत दाबली. एक बुडबुडा नाही. मग स्वतः घालून टाकीत उभा राहिलो. गिऱ्हाइकांनी फुकटची करमणूक करून घेतली. बाहेर आलो तर मोजेसुद्धा कोरडे.

हे तुला गेल्या आठवड्यात सांगितलं, तर तुझी गाडी दुसऱ्याच रुळावर. कालपर्यंत मी फाडली होती, आज ती फाटलेलीच नाही! आता म्हणे रविवारी येतोस, बाबांच्या आणि त्यांच्या सगळ्या मित्रांच्या देखत विजार घालून नदीत तासभर उभा राहतोस, कोरडा बाहेर येतोस आणि माल चोख आहे हे एकदाचं दाखवून देतोस. वर बाबांना तसा फोनही करून मोकळा झालास. धन्य आहेस. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

मध्ये उठावं लागलं. शाळेची बस आली होती, मागचं चाक. परत येऊन वर लिहिलेलं वाचलं. नुसता कुरकुरतोय मी, जे लिहायला बसलो ते बाजूलाच राहिलंय.

मागच्या गुरुवारी धरणातून पाणी सोडलं होतं. नदी काठोकाठ. कोणी उतरलंच नाही, बाबाही काठावरच्या दगडावर बसून माघारी आले. येताना दुकानात थांबले. मी त्यांना विजार उतरवायला हात दिला. बाहेरून ती कोरडी होती, बुटांना रस्त्याची धूळ. आत त्यांची पँट मांड्यांपासून खाली ओलीचिंब. वास नदीचा नव्हता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘अजून गळतंय बघ,’ म्हणाले. इतक्या हळू की मला ते दुसरंच कोणी बोलल्यासारखं वाटलं. नोकरीत असताना सगळ्या कारखान्याला शिट्टीशिवाय हाक मारणारा माणूस तो!

मी म्हटलं, ‘हो बाबा, दिसलं मला भोक. शिवणीच्या कडेलाच आहे. लावतो.’

आणि धडधाकट कापड घासून, सोल्यूशन लावून, फुंकर घालून मी ठिगळ मारलं. बाबा स्टुलावर बसून बघत होते. ‘जरा मोठं लाव,’ म्हणाले. लावलं मोठं. ते घरी गेल्यावर मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि आत बसून रडलो.

कळलं ना? बूटविजारीला कुठेही भोक नाही. बाबांना लघवी धरवत नाही.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा पेला विसळला नाही, तो नदीवरून आल्या आल्या पँट धुवायला बसतो. आईने त्यांच्या खुर्चीवर रेक्झिनची गादी टाकलीय, धुळीसाठी म्हणते. तिला माहीत आहे का, हे मी विचारलेलं नाही. मामांकडे जायचं ते टाळतात, बसने कुठे जायचं म्हटलं की त्यांचं डोकं दुखतं. जायचे ते फक्त नदीवर. का, ते आता कळतं. जुन्या अर्ध्या चड्डीवर पाण्यात उतरायचे तेव्हा सगळेच भिजून बाहेर यायचे, कोण कशाने ओलं झालंय हे कोण बघतो? मग थंडीत पाय आखडतात म्हणून तू प्रेमाने ही पक्की विजार पाठवलीस. तुझी चूक नाही. पण थेंब आत येत नाही म्हटल्यावर बिचाऱ्यांना ओलं व्हायला कारणच उरलं नाही. मग त्यांनी भोक शोधून काढलं.

मला राग येतोय, कोणाचा ते सांगता येत नाही. तुझा येतो, कारण तू लांबून फोनवर हुशारी करतोस. बाबांचा येतो, कारण चार माणसांत माझ्या हाताची किंमत काढली. आणि त्या विजारीचा तर इतका येतो की कात्री घेऊन दोनदा उठलो. पण चांगली वस्तू कापायला हात धजेना. कसला मेला हा कारागिरीचा हात!

डॉक्टरांकडे चला म्हणावं, तर मला कळलंय हे त्यांना कळेल. शिवाय इथला डॉक्टर गळ घेऊन त्यांच्याच शेजारी बसतो. यावर औषध असतं म्हणतात. तू त्यांना चार दिवस तुझ्याकडे घेऊन जा, रक्त तपासायचं निमित्त काढ आणि तिथल्या डॉक्टरला आधी एकटा भेटून ये. ते तुझं ऐकतात.

पण त्याआधी रविवार आहे. तुझा फोन आल्यापासून बाबा नदीवर गेलेले नाहीत. काल आईला म्हणाले, ‘ते सगळं सामान देऊन टाका कुणाला तरी, मला कंटाळा आला मासेमारीचा.’ कंटाळा, आणि बाबांना!

तेव्हा धाकट्या, ऐक. रविवारी यायचंच. ठरल्याप्रमाणे विजार घालायची, आता मागे सरलास तर त्यांना शंका येईल. सगळी मंडळी काठावर असू देत. फक्त उतरायच्या आधी, झाडाआड जाऊन, एक बाटली पाणी आत ओतून घे, चांगलं मांड्यांवरून. मग तासभर उभा राहा. बाहेर आलास की बाबांसमोर विजार उतरव, ओली पँट सगळ्यांना दाखव आणि तोंड सोड. कंपनीला शिव्या दे, तुझ्या मालकाला दे, माझ्या ठिगळांना दे. तुझ्या मालाचं नाव जाईल. जाऊ दे, माझ्या दुकानाचं गेलंच आहे.

मी शेजारीच उभा असेन. खाली मान घालून सगळं ऐकून घेईन.

तुझा,
ज्याला साधं ठिगळही लावता येत नाही असा,
दादा