चाफ्याची फांदी

रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा त्या फांदीला हात लावला. लावायला नको होता.

येरवड्याचं घर सोडून सासूबाई आमच्याकडे वाघोलीला आल्या, तेव्हा दारातल्या चाफ्याची ही एक फांदी बरोबर आणली. चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवली, मग बाल्कनीतल्या कुंडीत खोचली. म्हणाल्या, "लागली तर राहीन, नाहीतर धाकट्याकडे जाईन." बॅग अजून रिकामी केलेली नाही. साडी बॅगेतूनच काढतात, धुऊन बॅगेतच ठेवतात.

दोन पानं फुटली तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले. पण चाफ्याच्या पानांचं काय खरं? अंगातल्या चिकावरही फुटतात. म्हणून आज सासूबाई देवळात गेल्यावर फांदी हलकेच उपटून पाहिली. मुळं नाहीत. पांढरे कोंब तेवढे, तेही मोडलेले. माझ्याच हातून मोडले का? घाईने परत खोचली.

आल्या आल्या त्यांनी कुंडीकडे पाहिलं. "उपटून बघितलीस ना?"

"अहो आई, एकदाच."

"मी रोज बघते."

आतून ह्यांचा आवाज आला, "मीपण बघितली होती परवा."

"मग लागेल कशी? आता कुणी हात लावायचा नाही. मी राखण करणार."

खुर्ची बाल्कनीत ओढून बसल्या आहेत. बॅग तशीच. राहा, असं मी तोंडाने एकदा तरी म्हटलंय का? सगळं त्या फांदीवर सोडलंय. त्या जेवायला आत आल्या की जाऊन बघू का जरा? हात शिवशिवताहेत.