रावेतच्या गाडीची डावी पट्टी

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन आता दोन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज बसलेय, कारण काल मी तुमचं काम तपासून आले. जाताना मात्र ते तुमचं आहे हे मला माहीत नव्हतं.

आमच्या कंपनीतले शिर्के साहेब आठवतात का? माझ्या लग्नात दोनदा जिलेबी मागून घेतलेले. ते आता रिटायर होतायत, आणि त्यांना आयुष्यभर एक उघड्या टपाची जुनी गाडी हवी होती. रावेतला एक मिळत होती. मालक अठरा लाख मागत होते. साहेब म्हणाले, "वैशाली, तू दिवसभर गाड्यांचा रंग तपासतेस. माझीही एक बघून दे. काम कसं झालंय आणि अठरा लाखांची आहे का, एवढंच सांग."

सकाळच्या उन्हात ती बंगल्यासमोर उभी होती. दोन दारांची विलायती गाडी, कापडी टप मागे घडी घालून ठेवलेला. रंग दुधात नीळ कालवल्यासारखा. बोनेटवर आभाळ उतरलं होतं आणि त्यात एक ढग इतका सावकाश सरकत होता, की मी कशाला आलेय हेच विसरले.

मग डोळे मिटून हात फिरवला. लहानपणी महाळुंग्याच्या आपल्या गॅरेजच्या शेडमध्ये माझा तळवा दारावर ठेवून तुम्ही म्हणायचात, "डोळं मीट पोरी. डोळं रंगाला भुलत्यात. हाताला इचार." काल हात पुढे जात होता आणि मी मागे मागे जात होते. थिनरचा वास, उन्हानं तडतडणारं पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात खरखरणारा तुमचा रेडिओ. हाताखाली कुठे खड्डा नाही, लाट नाही. असं काम मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

मालक पाटणकर काका शेजारी येऊन म्हणाले, "महाळुंग्याच्या अण्णा मिस्त्रींनी केलीय. आता नाहीत ते."

मी काहीच बोलले नाही. का बोलले नाही, अण्णा? बहुतेक परक्याच्या तोंडून तुमचं नाव अजून थोडा वेळ ऐकायचं होतं.

दारांच्या फटी पाहिल्या, सगळीकडे सारख्या. टपाचा सांगाडा उघडून मिटून पाहिला, कुठे अडकला नाही. मी मनातल्या मनात अठराचे एकोणीस करत होते. शेवटी दाराखालची पट्टी राहिली. उघड्या गाडीला छपराचा आधार नसतो, सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर येतो, हेही तुम्हीच शिकवलेलं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक उजवीकडे लावलं, घट्ट चिकटलं. डावीकडे लावलं, तर घसरून माझ्या हातात पडलं.

मी गाडीखाली आडवी झाले, बॅटरी लावली. आतला पत्रा गंजून गेला होता. नवा जोडण्याऐवजी वरून जाड पुट्टी भरलेली, आणि तिच्यावर पॉलिश पेपरचे ओरखडे कसेही भरकटलेले. अण्णा, तुम्ही? अशी पुट्टी भरली म्हणून एका कारागिराला भर कामातून घरी पाठवणारे तुम्ही?

वर साहेब आणि पाटणकर काका चहा पीत होते. मला नुसतं उठून "चांगली आहे" म्हणायचं होतं. तुमचं नाव राहिलं असतं. आणि साहेब बायकोला शेजारी बसवून त्याच गाडीतून घाट चढले असते.

उठले, हात पुसले आणि सांगितलं.

पाटणकर काका चिडले. "अण्णांच्या कामात खोट काढताय? कोण होते ते, माहीत तरी आहे का तुम्हाला?"

"माझे वडील होते," मी म्हटलं.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ही बाजू त्यांनी सगळ्यात शेवटी केली. मी जायचो तेव्हा नुसते तिच्यासमोर बसलेले असायचे. गाडी देताना म्हणाले, हिला लई पळवू नका, गावातच फिरवा. मला वाटलं, जीव जडलाय म्हणून म्हणतायत."

अर्धंच का सांगितलंत, अण्णा? पूर्ण का नाही?

मी दोन लाख कमी सांगितले. बाकीचं काम मागितलेल्या किमतीच्याही वरचं आहे, हेही सांगितलं, कारण तेही खरं होतं. काकांनी थोडा विचार केला आणि सोळाला मान्य केलं.

ते दोघं कागद बघायला आत गेले तेव्हा मी गाडीत बसून राहिले. मान मागे टाकली. वर नुसतं आभाळ. लांबून एक्स्प्रेसवेचा आवाज नदीसारखा येत होता. डोळा लागला की काय कोण जाणे, पण शेजारच्या सीटवर तुम्ही आहात आणि आपण सावकाश कुठेतरी निघालोय, असं वाटत राहिलं. तुम्ही काही बोलत नव्हतात. मीही विचारलं नाही.

दुपारी आईकडे गेले. ती मेथी निवडत होती. पट्टीचं सांगितलं, तर मान वर न करता म्हणाली, "ठाऊक हाय मला. शेवटचं वरीसभर त्यांच्या सदऱ्याची बटणं मीच लावत व्हते. हात लई कापायचा. वेल्डिंग धरवत न्हवतं. म्हणाले, कुणाला बोलू नको. वैशूला तर न्हाईच न्हाई."

"मलाच का नाही?"

आई मेथी निवडत राहिली. पण मला आठवलं. मी मोशीहून माहेरी आले होते एकदा, जेवताना हसत हसत म्हणाले होते, "अण्णा, आमच्याकडे आता रोबो रंग मारतो. त्याचा हात कधी हलत नाही. हातकामाला कोण विचारतंय आता?" तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात. मला वाटलं, मीठ कमी पडलं असेल.

तेव्हा तुमच्या हातांकडे एकदा पाहिलं असतं तर?

पुढच्या रविवारी गाडी आपल्या शेडमध्ये येतेय. तुमच्या जोडीला काम केलेले दिलीपकाका वेल्डिंग करायला तयार झालेत. पुट्टी मी खरवडणार, नवा पत्रा मी बेतणार, रंगही मीच जुळवणार. बाकी गाडीला कुणाला बोट लावू देणार नाही. आणि ही पट्टी कशाला बदलली असं कुणी विचारलं, तर सांगेन, अण्णांचं एवढंच काम राहिलं होतं.

तुमची,
वैशू