योगिनीसाठी प्रार्थना

रहाटणी,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पूनम हिस,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

देवाच्या कृपेने मी आणि पप्पा खुशाल आहोत. त्यांचा गुडघा आहे तसाच आहे. कांदा उतरला म्हणून दहा किलो भरून ठेवला. सून सासूचा फोन उचलत नाही, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पत्र पप्पांच्या हाती पाठवतेय. सोबत शेंगदाण्याचे लाडू आहेत. डबा परत पाठव.

शेखरला कंपनी जवळ पडावी म्हणून तुम्ही दोघं मारुंजीला गेलात, असं मी मंडळीत सांगितलंय. तसंच समज.

टीव्ही इथेच राहिला. त्यावर विणलेला रुमाल टाकून ठेवला होता. पण तू भरलेल्या रिचार्जचे दिवस उरले होते, आणि पैसे मोजलेली वस्तू वाया घालवणं हेही पापच. म्हणून एकदाच लावला. बघावं तरी, त्या मालिकेतल्या योगिनीत असं काय आहे की पोरगी संध्याकाळच्या प्रार्थनेत घड्याळाकडे बघते.

त्या लोकांनी देवाची काय गत केलीय गं! योगिनी रडली की वारा सुटतो, घंटा आपोआप वाजते. मी शेजारच्या यशोदाबाईंना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, आमची घंटा हलवल्याबिगर वाजत न्हाई, आन् देव तर हलवूनबी उठत न्हाई!"

आपल्या लोकांनाही सोडलेलं नाही. त्यात एक फादर आहे. दर वाक्याला 'माय चाइल्ड' म्हणतो आणि मराठी अशी मोडतो, जणू कालच बोटीतून उतरला. आपल्या घरात पाच पिढ्या मराठीत प्रार्थना करतात. मी ओरडले, "अरे, नीट बोल की!" पप्पा म्हणाले, "त्याला ऐकू जात नाही." आता तेही बघतात.

रिचार्ज संपला, नवा मी केला. जमाखर्चात करमणुकीचा रकानाच नव्हता, तो आखला.

आता मुख्य गोष्ट. गेल्या गुरुवारी चर्चमधल्या बायकांच्या सभेत पाळकीणबाईंनी विचारलं, "कुणासाठी प्रार्थना करायची?" आदल्या दिवशीच सासूने योगिनीला घराबाहेर काढलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "योगिनी नावाची मुलगी आहे. सासूने फार छळलंय." बाराजणींनी गुडघे टेकले. सुमनताईंनी उपास धरला. "प्रभू, त्या सासूचा ताठा मोड," अशी रडून रडून प्रार्थना झाली. सगळ्यांत मोठ्याने आमेन मी म्हटलं.

मग पाळकीणबाई म्हणाल्या, "राहते कुठे? भेटायला जाऊ."

मी म्हणाले, "मारुंजीला."

असं का म्हणाले, ते घरी येईपर्यंत कळलं नाही. रविवारी उपासनेनंतर सगळ्या निघणार आहेत. डाळ-तांदूळ जमलेत. योगिनीने स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून सुमनताईंनी शिलाई मशीनला तेल घातलंय.

उद्याच्या सभेत खरं सांगणार आहे. योगिनी टीव्हीतली, एवढं सांगायला लाज नाही. हसतील चार दिवस. पण मग कुणीतरी विचारेलच, "शालनबाई, मारुंजीला कोण आहे?" तिथे जीभ अडते.

मालिका बघून एक कळलं. देव सगळ्यांना पावतो, सासूचं मन तेवढं पालटत नाही. पालटलं तर मालिका संपेल आणि त्यांचा धंदा बसेल. आपला तर काही धंदा नाही.

त्या संध्याकाळी मी टीव्हीची वायर ओढून म्हणाले होते, "हे प्रार्थनेचं घर आहे, जमत नसेल तर वेगळं बिऱ्हाड कर." तू घड्याळ बघत होतीस हे मला कसं कळलं, हे तू कधी विचारलं नाहीस. प्रार्थनेत मीही डोळे उघडे ठेवून तुला बघत होते.

उद्या मारुंजीच्या मुलीचं खरं नाव सांगेन. तिच्या सासूचंही. रविवारी कुणी येणार नाही. शनिवारी मालिकेच्या वेळेला मी एकटी येईन. तू मोबाइलवर बघत असशील, मला शेजारी बसू दे. संपेपर्यंत तोंड उघडणार नाही. मग प्रार्थना करू. छोटी.

डब्याची घाई नाही.

जिच्यासाठी बाराजणींनी गुडघे टेकले, ती तुझी सासू,
शालन