पर्समधले तीन फ्यूज

आप्पा, माझ्यासमोर स्वयंपाकघराच्या टेबलावर तळहाताएवढा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे. त्याला एक निळा रिले जोडलाय, आणि रिलेला तुमच्या दुकानातला टेस्टलॅम्प. रिले म्हणजे तुमच्या भाषेत बारका स्टार्टरच. मी अ‍ॅडॅप्टर काढते, दहा आकडे मोजते, परत लावते. बल्ब पेटत नाही. परत काढते, परत लावते. नाहीच. आणि मग कधीतरी, मी काहीही बदललेलं नसताना, टक् असा आवाज होतो, बल्ब क्षणभर पेटतो आणि विझतो. सकाळपासून चार वेळा पेटला. पेटला की मी दचकते, आणि बराच वेळ पेटला नाही की त्याहून जास्त घाबरते. आज शाळेला रजा टाकून मी हेच करत बसले आहे.

हे खूळ शाळेतूनच घरात आलं. विज्ञान प्रदर्शन आलं की मुलं असले बोर्ड घेऊन येतात आणि एकाचाही चालत नाही. कुणाची वायर ढिली, कुणाचं प्लस-मायनस उलटं, कुणी सेन्सर भलत्याच पिनेला जोडलेला. ते निस्तरता निस्तरता मलाच नाद लागला. मागच्या वर्षी आपल्या पाथर्डीच्या विहिरीसाठी एक पेटी केली. मिस कॉल दिला की रिले स्टार्टरचं हिरवं बटण दाबल्यासारखं करतो, मोटर चालू होते, आणि चालू की बंद ते मोबाईलवर कळतं. धाकट्या भावाने ते गावभर मिरवलं. मग काकांनीही मागितली, त्यांच्या विहिरीवरही तशीच बसवून दिली. खरं सांगते, बनवताना टेबलावर एकदोनदा हे टक् ऐकू आलं होतं. मी म्हटलं, नवं आहे, बोलतंय. बाजारातल्या त्या पत्र्याच्या दुकानात तुम्ही जळालेल्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरायचात, मी शेजारी गृहपाठ करायचे, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला बजावायचात, "कायमचा बिघाड लई गुणाचा. कवा हाय, कवा न्हाई, त्यो बिघाड माणूस खातो." एवढं ऐकत मोठी झालेली मुलगी मी, आणि मी त्या आवाजाला हसले.

तो बोरांचा दिवस आठवतो का? मी चौथीत असेन. तुम्ही आपल्या विहिरीत उतरणार होता. उतरण्याआधी तुम्ही तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, तो तुमचा नेमच होता, पण त्या दिवशी अंगात नुसती बंडी, म्हणून ते माझ्या हातात दिले. चिनीमातीचे ते पांढरे ठोकळे माझ्या मुठीत मावत नव्हते. थोड्या वेळाने मी ते काठावरच्या दगडावर ठेवले आणि बोरीखाली गेले. तुम्ही वर आलात, दगडाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता पाठीत बसणार. तुम्ही खाली बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "माजा जीव तुज्या मुठीत दिल्ता. तू त्यो दगडावर ठिवून बोरं खायला गेलीस व्हय?" मारलं असतं तर विसरले असते.

तरीही दिवाळीच्या सुट्टीत मी तेच केलं. धाकटा विहिरीत उतरत होता. मोटरीबरोबर फिरणाऱ्या पंपाच्या दांड्यापाशी पाणी गळत होतं, ते बघायचं होतं. लाईट गेलेली होती. पायरीवर थांबून त्याने विचारलं, "ताई, फ्यूज काढू का?" आणि मी म्हणाले, "राहू दे रे, मोटर बंद असल्याचा मेसेज मघाशीच आलाय की." तो खाली बसून दांड्याशी हात घालतोय, मी काठावरून बघतेय, आणि लाईट येते. पेटीत टक् होतं, स्टार्टर खाटकन बसतो आणि मोटर फिरते. त्याच्या गळ्यातला टॉवेल दांड्याने ओढून घेतला. जुना, विरलेला टॉवेल होता, फाटला, म्हणून माझा भाऊ आहे. तो वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आसं कसं झालं गं?" म्हणाला. आणि आप्पा, माझ्या तोंडातून निघालं, "आप्पांचा स्टार्टर आहे. आतून चिकटला असणार."

त्याने लगेच विश्वास ठेवला. दुसऱ्याच दिवशी नवा स्टार्टर आणला. तुमचा काढून गोणपाटात गुंडाळला आणि म्हणाला, "लई दिवस साथ दिली त्येनं. म्हातारा झाला." मी मान हलवली. प्रोग्राम बदलायचा म्हणून बोर्ड तेवढा सोडवून घेतला आणि श्रीरामपूरला निघून आले. बिघाड मला परवा इथे टेबलावर सापडला. लाईट आली की बोर्ड जागा होईपर्यंत क्षणभर त्याचा कुणाला काहीच हुकूम नसतो, आणि तेवढ्यात रिले कधीकधी स्वतःच उडी मारतो. स्टार्टरला एकदा धक्का मिळाला की पुरतं, पुढे तो स्वतःला धरून ठेवतो. तुमच्या स्टार्टरचा काडीचा दोष नव्हता.

हे सांगायलाच मी काल गावी गेले. नगरपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते. घरात पाऊल टाकलं तर धाकटा म्हणाला, "बरं झालं आलीस. काकांचा बी स्टार्टर बदलला. त्यो बी आप्पांनीच बसवल्याला, म्हनलं भ्या नको. उंद्या काका पंपाचं काम करायला उतरणार हायेत." काका आज निर्धास्त उतरणार, आणि माझी पेटी तिथेच. तेव्हा बोलायला हवं होतं. त्याऐवजी चहा प्यायले, भावजयीशी बोलले, आणि निघताना काकांच्या विहिरीकडून गेले. पेटीला त्यांचं कुलूप होतं, पण फ्यूज बाहेर फळीवर होते. मी तिन्ही उपसले, पर्समध्ये टाकले आणि चोरासारखी एसटीत बसले.

ते इथे टेबलावर आहेत. आता मुठीत मावतात. काल वाटलं, झालं काम. पण रात्र सरली तसं लक्षात यायला लागलं, फ्यूज नाहीत म्हणून शेतकरी का थांबतो? तारेचे तुकडे लावून मोकळा होतो. तुम्हीच किती जणांवर ओरडायचात त्यावरून. मी तीन तास झाले बल्ब पेटवत बसले आहे, तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्ही जिथे गेलात तिथून फोन उचलणार नाही हे मला माहीत आहे.

मी धाकट्याला घाबरते, आप्पा. तो ओरडेल म्हणून नाही. तो गोणपाट सोडून तुमचा स्टार्टर बाहेर काढेल, ते मला बघवणार नाही.

मोबाईल वाजतोय. त्याचाच आहे. फ्यूज चोरीला गेले म्हणून सांगत असेल. कागद इथेच ठेवते. आधी विचारते, विहिरीत कोण आहे.